खुर्ची कोण सोडणार? लालडेंगा, दिल्ली आणि वाटाघाटींची वीस वर्षं

मिझो टेकड्यांमधलं बंड उंदरांनी सुरू केलं असं कुणी म्हटलं, तर ते फारसं चूक ठरणार नाही. तिथल्या बांबूच्या एका जातीला साधारण अठ्ठेचाळीस-पन्नास वर्षांनी एकाच वेळी फुलोरा येतो. मग फळं धरतात. ती खाऊन उंदीर बेसुमार वाढतात आणि फळं संपली की डोंगरउतारावरच्या भातावर तुटून पडतात. मिझो लोक याला माउताम म्हणतात. 1911-12 चा माउताम म्हाताऱ्यांच्या चांगला लक्षात होता, त्यामुळे पुढचा कधी येणार याचा हिशेब कुणाला शिकवावा लागत नव्हता. 1958 मध्ये मिझो जिल्हा परिषदेने आसाम सरकारला आगाऊ कळवलं की दुष्काळ येतो आहे, तयारीसाठी पंधरा लाख रुपये मंजूर करा. मिझो टेकड्या तेव्हा आसामचा एक जिल्हा होत्या आणि राजधानी शिलाँगला होती. तिथल्या सरकारने ही डोंगरी लोकांची एक समजूत म्हणून बाजूला सारली. 1959 मध्ये बांबू फुलला, उंदीर आले, पीक गेलं.

धान्य उशिरा आलं, आणि आलं तेही पुरेसं नव्हतं. गावोगावी तांदळाची पोती पाठीवर वाहून नेणारी तरुण मुलं ज्या संघटनेची होती, तिचा नेता लालडेंगा. 1927 साली लुंगलेईजवळच्या पुकपुई गावात जन्मलेला, ब्रिटिश काळात सैन्यात हवालदार असलेला आणि नंतर जिल्हा परिषदेत कारकुनी केलेला हा माणूस बोलायला वस्ताद होता. 1960 मध्ये त्याने दुष्काळ निवारणासाठी मिझो नॅशनल फॅमिन फ्रंट काढली. त्याच वर्षी आसामने आसामी भाषेला राजभाषेचा दर्जा दिला आणि डोंगराळ जिल्ह्यांमधला राग आणखी वाढला. पुढच्या वर्षी संघटनेच्या नावातला ‘फॅमिन’ गेला. उरला मिझो नॅशनल फ्रंट, म्हणजे एमएनएफ. उद्दिष्टही बदललं. आता त्यांना स्वतंत्र देश हवा होता.

या गोष्टीतला पहिला वाद इथेच सुरू होतो. 1963 च्या अखेरीस लालडेंगा पूर्व पाकिस्तानात जाऊन परत येताना पकडले गेले. आसामचे मुख्यमंत्री बिमलाप्रसाद चालिहा यांनी काही आठवड्यांत त्यांना सोडलं. घटनात्मक मार्गाने चालू, असं आश्वासन लालडेंगांनी दिलं होतं. चालिहा भोळे नव्हते. नागा प्रदेशात शस्त्रबंदी घडवून आणणाऱ्या 1964 च्या शांती मंडळात ते जयप्रकाश नारायण आणि रेव्हरंड मायकेल स्कॉट यांच्यासोबत होते. बोलण्यावर त्यांचा विश्वास होता. पण आणखी एक गणित होतं. मिझो युनियन हा जुना पक्ष आसामपासून वेगळं राज्य मागत होता, आणि त्याला शह द्यायला लालडेंगा उपयोगी पडतील असं शिलाँगला वाटत होतं. आपल्याकडे सरकारं हा खेळ पुन्हा पुन्हा खेळली आहेत आणि दर वेळी हात पोळून घेतले आहेत. वाटाघाटींच्या विरोधकांना चालिहांचं उदाहरण पुढे बरीच वर्षं पुरलं. बघा, सोडलंत आणि काय झालं!

झालं ते असं. 28 फेब्रुवारी 1966 च्या रात्री एमएनएफच्या सशस्त्र स्वयंसेवकांनी ऐझॉल, लुंगलेई आणि चंफाई इथल्या चौक्यांवर आणि सरकारी कचेऱ्यांवर एकदम हल्ले केले. या मोहिमेला त्यांनी बायबलमधल्या जेरिकोचं नाव दिलं होतं. खजिना लुटला, टेलिफोनच्या तारा तोडल्या, आसाम रायफल्सच्या ऐझॉलमधल्या मुख्यालयाला वेढा पडला. 1 मार्चला स्वातंत्र्याची घोषणा झाली. इंदिरा गांधींना पंतप्रधान होऊन जेमतेम पाच आठवडे झाले होते. हेलिकॉप्टरने कुमक उतरवण्याचा प्रयत्न गोळीबारामुळे फसला, आणि 5 मार्चला हवाई दलाची तुफानी आणि हंटर विमानं ऐझॉलवर आली. मशीनगनचा मारा झाला, आगलावे बॉम्ब पडले. दॉरपुई, रिपब्लिक वेंग यांसारख्या मोहल्ल्यांमधली लाकडी घरं आणि बाजार जळून गेले. दुसऱ्या दिवशीही विमानं आली. स्वतंत्र भारताच्या हवाई दलाने भारतीय वस्तीवर बॉम्ब टाकल्याचा हा एकमेव प्रसंग.

सरकारने तो मान्य केला नाही. विमानं माणसं आणि रसद उतरवायला गेली होती, असं सांगण्यात आलं. स्टॅनली निकल्स-रॉय आणि हूव्हर हिनिएवटा हे डोंगराळ भागातले दोन नेते स्वतः ऐझॉलला जाऊन आले आणि बॉम्बफेकीचे पुरावे त्यांनी आसाम विधानसभेत मांडले. दिल्लीवर त्याचा परिणाम झाला नाही. ऑगस्ट 2023 मध्ये लोकसभेत अविश्वास ठरावाला उत्तर देताना पंतप्रधान मोदींनी ही बॉम्बफेक काढली, तेव्हा देशातल्या अनेकांनी ती प्रथमच ऐकली. राजकीय सोयीने का होईना, सत्तावन्न वर्षांनी ती कुणीतरी संसदेत बोललं. मिझोराममध्ये मात्र ती कुणाला सांगावी लागत नाही.

बंड काही दिवसांत शहरांमधून हटलं आणि जंगलात शिरलं. सैन्यापुढे मग नेहमीचा प्रश्न उभा राहिला: बंडखोर आणि गावकरी वेगळे कसे ओळखायचे? उत्तर मलायातून आलं. ब्रिटिशांनी तिथे कम्युनिस्टांविरुद्ध गावंच्या गावं उचलून कुंपणाआड नेली होती. अमेरिकेने व्हिएतनाममध्ये तेच केलं होतं. जानेवारी 1967 पासून मिझो टेकड्यांमध्ये हा प्रयोग सुरू झाला. कागदोपत्री नाव होतं ‘संरक्षित आणि प्रगतिशील गावं’. प्रत्यक्षात सैन्य पहाटे गावाला वेढा घालायचं, डोक्यावर-पाठीवर मावेल तेवढं घ्यायला सांगायचं, आणि मागे राहिलेली घरं व धान्याची कोठारं पेटवून द्यायचं. रस्त्यालगतच्या छावण्यांमध्ये रात्रीची संचारबंदी, ओळखपत्रं, हजेरी. पाचशेहून अधिक गावं अशी हलवली गेली; टेकड्यांमधल्या दर पाच माणसांतली चार या छावण्यांमध्ये आली. विजेंद्रसिंह जफा या सनदी अधिकाऱ्याने दार्झो गावाबद्दल एका लष्करी अधिकाऱ्याची आठवण लिहून ठेवली आहे. आम्ही बंडखोरांना कंटाळून स्वखुशीने गाव सोडत आहोत, अशा कागदावर गावातल्या वडीलधाऱ्यांच्या सह्या घ्यायच्या होत्या, आणि त्या बंदुकीच्या धाकाने घ्याव्या लागल्या. फिरती शेती करणाऱ्या माणसाला घरापासून चार कोसांवर बांधून ठेवलं की त्याची शेती संपते. छावण्यांमध्ये लोक सरकारी रेशनवर जगायला शिकले आणि त्यांची मुलं हे पाहत वाढली.

ही मोहीम सुरू झाली तेव्हा केंद्रात गृहमंत्री यशवंतराव चव्हाण होते. मराठी चरित्रलेखनात चव्हाणांच्या गृहमंत्रिपदाचा हा कोपरा फारसा उजेडात येत नाही. तो यायला हवा, दोष देण्यासाठी नव्हे, तर ‘नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही’ हे धोरण त्या काळी किती निर्विवाद मानलं जात होतं ते कळण्यासाठी. काँग्रेसमध्ये, विरोधी पक्षांत, वर्तमानपत्रांत त्याविरुद्ध बोलणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. 1962 आणि 1965 ची युद्धं ताजी होती; लालडेंगांचे तळ पूर्व पाकिस्तानच्या चितगाव डोंगरांमध्ये होते; त्यांची पथकं पुढे शस्त्रं आणायला चीनच्या युन्नान प्रांतापर्यंत गेली. शत्रुराष्ट्राच्या पैशावर पोसलेल्या टोळीशी बोलायचं तरी काय, हा प्रश्न तेव्हा पोकळ नव्हता.

बांगलादेश युद्धाने चित्र पालटलं. डिसेंबर 1971 मध्ये चितगावचे तळ गेले. लालडेंगा ब्रह्मदेशातल्या आराकानमार्गे निसटून पाकिस्तानात पोहोचले, पण सैन्यापासून तुटलेला सेनापती होऊन. 21 जानेवारी 1972 ला दिल्लीने मिझो जिल्ह्याला केंद्रशासित प्रदेश केलं. आसामपासून वेगळं होण्याची मिझो युनियनची जुनी मागणी आता पूर्ण झाली होती. जंगलातल्या मुलांना मात्र प्रश्न पडला, आपण कशासाठी लढतोय? काही शरण आले. काहींनी उलट दहशत वाढवली. 13 जानेवारी 1975 ला ऐझॉलच्या पोलीस मुख्यालयात घुसून बंडखोरांनी महानिरीक्षक जी. एस. आर्य यांच्यासह तीन वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांना भरदिवसा ठार केलं.

याच वर्षी युरोपात भारतीय गुप्तचर अधिकारी लालडेंगांना भेटत होते. हे विसंगत वाटेल, पण या क्षेत्रात असंच चालतं. ऐझॉलमध्ये तीन अधिकाऱ्यांच्या चिता पेटलेल्या असताना आपण त्यांच्या मारेकऱ्यांच्या नेत्याशी बोलतोय, हे कुठलंही सरकार उघडपणे सांगू शकत नाही. आणि न बोलता राहिलं तर पुढच्या चिता ठरलेल्याच. ताकाला जाऊन भांडं लपवायचं, हा राज्यकर्त्यांचा इथला कायमचा रिवाज. आणीबाणीत संसद आणि वर्तमानपत्रं गप्प असल्याने इंदिराबाईंना तो पाळणं सोपं गेलं. जानेवारी 1976 मध्ये लालडेंगा दिल्लीत आले. फेब्रुवारीत सहमती झाली, 1 जुलैला ती जाहीर झाली. एमएनएफने मिझोराम हा भारताचा अविभाज्य भाग असल्याचं मान्य केलं. तोडगा राज्यघटनेच्या चौकटीतच निघेल हे कबूल केलं. शस्त्रं ठेवायचं ठरवलं.

वाचकाने इथे क्षणभर थांबावं. स्वतंत्र देशाची मागणी, जिच्यासाठी बॉम्ब पडले, गावं जळली, ती 1976 मध्ये कागदावर सोडून दिली गेली होती. वादाचा गाभा म्हणावा तो मिटला होता. तरी प्रत्यक्ष शांतता यायला आणखी दहा वर्षं गेली. या दहा वर्षांचं काय करायचं, हाच माझ्या मते या इतिहासातला खरा प्रश्न आहे.

पहिलं कारण लालडेंगांच्या घरातलं होतं. आराकानच्या जंगलातले सेनानी त्यांच्यावर चिडले: दिल्लीच्या हॉटेलात बसून हा आम्हाला विकतोय. पक्षात फूट पडली. शस्त्रं ठेवायचं ठरलं ते ठरण्यापुरतंच राहिलं. दुसरं कारण दिल्लीतलं. मार्च 1977 मध्ये मोरारजी देसाई आले, आणि मोरारजींना बंडखोरांशी गोड बोलणं माहीत नव्हतं. लंडनमध्ये नागा नेते फिझो त्यांना भेटले तेव्हा मोरारजींनी त्यांना इतकं खडसावलं की ती भेट वाटाघाटी कशा करू नयेत याचं उदाहरण म्हणून सांगितली जाते. लालडेंगांशी चाललेली बोलणी 1978 मध्ये थांबवण्यात आली, जुलै 1979 मध्ये दिल्लीतच त्यांना अटक झाली. 1980 मध्ये इंदिराबाई परत आल्या, खटले मागे घेतले गेले, जुलैच्या अखेरीस शस्त्रबंदी झाली आणि मुत्सद्दी जी. पार्थसारथी बोलणी पुढे नेऊ लागले.

आणि मग घोडं अडलं ते खुर्चीवर. लालडेंगांचं म्हणणं होतं: माझी माणसं शस्त्रं ठेवणार, तर त्यांना कुणीतरी संरक्षण द्यायला हवं, ते मीच देऊ शकतो, म्हणून ऐझॉलचं सरकार बरखास्त करा आणि मला हंगामी मुख्यमंत्री करा.

ऐझॉलमध्ये तेव्हा मुख्यमंत्री होते ब्रिगेडियर थेनफुंगा सायलो. मिझोंमधले पहिले ब्रिगेडियर. 1974 मध्ये निवृत्त होऊन आल्यावर त्यांनी मानवी हक्क समिती काढली आणि ज्या सैन्यात आयुष्य घालवलं त्याच सैन्याच्या अत्याचारांची नोंद पंतप्रधानांपुढे ठेवली. पुढे पीपल्स कॉन्फरन्स हा पक्ष काढून, लोकांकडे मतं मागून ते सत्तेवर आले होते. त्यांचं उत्तर सरळ होतं. मी निवडून आलोय. लालडेंगांना मुख्यमंत्री व्हायचं असेल तर त्यांनीही निवडून यावं. निवडून आलेल्याला उठवून बंदूकवाल्याला बसवलंत, तर उद्या प्रत्येक टेकडीवर एक लालडेंगा उभा राहील.

बंडखोरांशी बोलण्याविरुद्ध दिल्लीत केले गेलेले बहुतेक युक्तिवाद मला सायलोंच्या या एका युक्तिवादापुढे फिके वाटतात. देशाची प्रतिष्ठा, दहशतवादाला शरण न जाणं, शहिदांचा अपमान ही भाषा भाषणात दणदणीत असते, पण ती टिकत नाही, कारण प्रत्येक सरकार आतून बोलत असतंच. सायलोंचा मुद्दा मात्र लोकशाहीच्या मुळाशी जातो. ज्याने बंदूक उचलली नाही त्याला शिक्षा, आणि ज्याने उचलली त्याला बक्षीस? त्यांना कुणी भित्रा म्हणू शकत नव्हतं, दिल्लीचा हस्तकही म्हणू शकत नव्हतं. जानेवारी 1982 मध्ये बोलणी मोडली. एमएनएफवर पुन्हा बंदी आली आणि लालडेंगा लंडनला गेले.

सायलो तत्त्वाने बरोबर होते. लोक मात्र थकले होते. सोळा वर्षं संचारबंदी, झडत्या, दोन्हीकडून खंडणी आणि संशय. या काळाला मिझो भाषेत रामबुआई म्हणतात आणि त्याबद्दल बोलताना आजही वयस्क माणसांचा आवाज बदलतो, असं तिथे काम केलेले सांगतात. प्रेस्बिटेरियन आणि बॅप्टिस्ट चर्चचे पाद्री 1966 पासूनच दोन्ही बाजूंकडे जात-येत होते. मिझोराममध्ये चर्चचं वजन मोठं. रविवारी अख्खं गाव तिथे. आता विद्यार्थी संघटनेपासून सगळ्या पक्षांपर्यंत सारे एकच म्हणू लागले, की पुन्हा बोला. एप्रिल 1984 ची निवडणूक याच मुद्द्यावर झाली. काँग्रेसचे लाल थानहौला यांनी जाहीर सांगितलं: तोडगा निघणार असेल तर मी मुख्यमंत्रिपद सोडीन. ते निवडून आले. सायलोंच्या प्रश्नाचं हे मतदारांनी दिलेलं उत्तर होतं. खुर्ची बंडखोराने हिसकावायची नाही आणि दिल्लीनेही काढून घ्यायची नाही. जो बसलाय त्याने लोकांना सांगून, त्यांची मतं घेऊन उठायचं.

ऑक्टोबर 1984 च्या अखेरीस लालडेंगा लंडनहून दिल्लीत आले. इंदिराबाईंशी त्यांची भेट ठरली होती. तारीख होती 31 ऑक्टोबर. त्या सकाळी पंतप्रधानांच्या निवासस्थानीच इंदिराबाईंची हत्या झाली.

आता रंगमंचावर एक मराठी माणूस येतो. राम प्रधान हे नाव महाराष्ट्राला 26 नोव्हेंबर 2008 च्या मुंबई हल्ल्यानंतर नेमलेल्या चौकशी समितीमुळे ठाऊक आहे. त्याआधीची त्यांची कारकीर्द मोठी होती. 1952 च्या तुकडीचे सनदी अधिकारी, यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना त्यांचे स्वीय सचिव, पुढे महाराष्ट्राचे मुख्य सचिव. जानेवारी 1985 मध्ये राजीव गांधींनी त्यांना केंद्रीय गृहसचिव म्हणून बोलावलं. गृहमंत्री तेव्हा शंकरराव चव्हाण होते. त्या एका वर्षात गृह मंत्रालयाने दोन मोठे करार केले: 24 जुलै 1985 ला अकाली दलाचे संत हरचंदसिंग लोंगोवाल यांच्याशी पंजाबचा, आणि 15 ऑगस्टला आसाम आंदोलकांशी.

टीका सुरू झाली ती लगेच. तरुण पंतप्रधान घाईत आहे, जो येईल त्याच्याशी कागदावर सही करतोय. टीका निराधार नव्हती. सहीला महिना होण्याआधी, 20 ऑगस्टला, लोंगोवाल यांची अतिरेक्यांनी गोळ्या घालून हत्या केली. पंजाब पुढची कित्येक वर्षं पेटलेला राहिला. चंडीगड हस्तांतरासारखी कलमं दिल्लीने पाळली नाहीत हा दोष मोठा आहेच, पण मुळात लोंगोवाल यांच्या हातात बंदुका नव्हत्या. ज्यांच्या हातात होत्या ते टेबलावर नव्हते. नागा प्रदेशात 1975 च्या शिलाँग करारात हेच झालं होतं: सह्या करणारे एक, लढणारे दुसरे. मुइवा आणि इसाक स्वू या नागा नेत्यांनी तो मानला नाही आणि पाच वर्षांत एनएससीएन ही अधिक कडवी संघटना उभी राहिली. मवाळांशी बोला आणि जहालांना एकटं पाडा, हे राजधानीत बसून फार शहाणपणाचं वाटतं. प्रत्यक्षात त्यात मवाळांचा जीव जातो.

लालडेंगांचं बलस्थान इथे होतं. फुटी पडल्या, सेनानी रुसले, बंडखोरीत बंडखोरी झाली, तरी 1985 पर्यंत संघटना पुन्हा त्यांच्याच मुठीत होती. झोरमथांगा, तौनलुइया यांच्यासारखे जंगलातले नेते त्यांचं ऐकत. ते ‘हो’ म्हणाले की बंदुका खाली येतील एवढी खात्री दिल्लीला होती. शत्रू बलवान आणि एकसंध असणं ही वाटाघाटीसाठी चांगली गोष्ट असते, हे पटायला जड जातं खरं. बरीच सरकारं समोरच्या संघटनेत फूट पाडण्यात धन्यता मानतात, आणि मग बोलायची वेळ आली की कुणाशी बोलावं ते त्यांनाच कळत नाही.

तरी 1986 च्या जूनपर्यंत सही झाली नव्हती. राजकीय बाजू काँग्रेसचे उपाध्यक्ष अर्जुनसिंह सांभाळत होते. जूनच्या शेवटच्या आठवड्यात तो भाग जमला: लाल थानहौला मुख्यमंत्रिपद सोडतील, लालडेंगा हंगामी मुख्यमंत्री होतील, लाल थानहौला त्यांच्या हाताखाली उपमुख्यमंत्री. प्रशासकीय मसुदा मात्र अडून होता. 30 जून हा राम प्रधानांच्या नोकरीचा शेवटचा दिवस. त्यांनी नंतर लिहिलेल्या आठवणींनुसार, त्या दुपारी लालडेंगा त्यांचा निरोप घ्यायला आले आणि बोलता बोलता गाडी अडलेल्या कलमांवर आली. दोघांनाही कळत होतं की नवा गृहसचिव म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. प्रधानांनी पंतप्रधानांची संमती मिळवली, मसुदा टंकलिखित झाला, आणि कचेरीची वेळ उलटून गेल्यावर, रात्री, सह्या झाल्या. भारत सरकारतर्फे प्रधान, एमएनएफतर्फे लालडेंगा, मिझोराम सरकारतर्फे मुख्य सचिव लालखामा. वीस वर्षांचं युद्ध एका निवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्याच्या शेवटच्या काही तासांत संपलं. यात नाट्य आहे म्हणून मी सांगत नाही. वाटाघाटीत माणसं किती महत्त्वाची असतात आणि त्यांच्या बदल्या किती महाग पडतात, ते यातून दिसतं. 1976 ते 1986 या काळात दिल्लीत चार पंतप्रधान झाले आणि जवळजवळ प्रत्येक बदलाबरोबर मिझो प्रश्नाचं घोंगडं भिजत राहिलं.

करारात काय होतं? मिझोरामला पूर्ण राज्याचा दर्जा. घटनेत नवं कलम 371 जी: मिझोंच्या धार्मिक-सामाजिक प्रथा, रूढ कायदा आणि जमिनीची मालकी याबाबत संसदेचा कायदा तिथल्या विधानसभेच्या संमतीशिवाय लागू होणार नाही. बंडखोरांना माफी आणि पुनर्वसन. एमएनएफने आपल्या पक्षघटनेतून फुटून निघण्याचा उद्देश काढायचा आणि त्रिपुरा-मणिपूरमधल्या इतर बंडखोर गटांना मदत बंद करायची. मणिपूर, आसाम, त्रिपुरातले मिझोवंशीय भाग जोडून ‘बृहन्मिझोराम’ करण्याची मागणी मान्य झाली नाही. 1976 च्या कागदाशी ताडून पाहिलं तर मूळ कबुली तीच, भारतात राहण्याची. वाढीव होतं ते राज्याचा दर्जा, घटनेतलं संरक्षण आणि काही महिन्यांची खुर्ची. दहा वर्षांपूर्वी हे देता आलं असतं का? राज्य आणि कलम, मला वाटतं, देता आलं असतं. खुर्ची नाही, तिच्यासाठी 1984 ची निवडणूक व्हावी लागली.

जुलैमध्ये दक्षिणेतल्या पार्व्हा इथल्या छावणीत बंडखोरांनी शस्त्रं खाली ठेवली. ऑगस्टमध्ये लालडेंगा मुख्यमंत्री झाले. फेब्रुवारी 1987 च्या निवडणुकीत एमएनएफला चाळीसपैकी चोवीस जागा मिळाल्या आणि 20 फेब्रुवारीला राजीव गांधींच्या उपस्थितीत मिझोराम देशाचं तेविसावं राज्य झालं. पंजाब, आसाम, मिझोराम: तिन्ही करारांनंतर झालेल्या निवडणुका राजीव गांधींचा पक्ष हरला. पक्षातल्या जुन्या जाणत्यांनी याबद्दल बोटं मोडली नसती तरच नवल.

सगळं गोड झालं असं नाही. बॉम्बफेकीची कबुली करारात नाही. छावण्यांमध्ये कोंडलेल्यांची भरपाई अनेक वर्षं रेंगाळली. मिझो शांततेत राज्यातल्या ब्रू या अल्पसंख्य समाजाला जागा मिळाली नाही. 1997 मध्ये झालेल्या हिंसाचारानंतर हजारो ब्रू कुटुंबं त्रिपुरात पळाली आणि तिथल्या छावण्यांमध्ये वीस-बावीस वर्षं राहिली. त्यांच्याबद्दलचा करार व्हायला जानेवारी 2020 उजाडावं लागलं. एकाशी केलेली तडजोड दुसऱ्याच्या वाट्याला काय आणते, याचा हिशेब वाटाघाटी करणाऱ्यांनी आधी करायचा असतो. मिझोराममध्ये तो झाला नाही.

लालडेंगांनाही राज्य चालवणं जमलं नाही. जंगलातला आदेश आणि विधानसभेतली समजूत यांतला फरक त्यांच्या अंगवळणी पडला नव्हता. 1988 मध्ये त्यांचेच आमदार फुटले आणि राष्ट्रपती राजवट आली. राज्यपाल होते हितेश्वर सैकिया, म्हणजे ज्यांचं आसामचं मुख्यमंत्रिपद आसाम करारानंतरच्या निवडणुकीत गेलं होतं तेच. जानेवारी 1989 मध्ये निवडणूक झाली आणि एमएनएफ हरला. दिल्लीत काहींनी श्वास रोखून धरला होता. लालडेंगा विरोधी बाकावर बसले. त्यांचे जुने सैनिक घरीच राहिले, कुणीही परत जंगलात गेलं नाही. 7 जुलै 1990 ला लंडनमध्ये लालडेंगांचं निधन झालं. त्यांचे सहकारी झोरमथांगा 1998 मध्ये मुख्यमंत्री झाले, 2008 मध्ये हरले, 2018 मध्ये पुन्हा आले, 2023 मध्ये पुन्हा हरले. प्रत्येक वेळी मतमोजणीनंतर शांतपणे.

आणि करारासाठी खुर्ची सोडणारे लाल थानहौला? 1989 ची ती निवडणूक त्यांनीच जिंकली. त्यानंतर 1993, 2008 आणि 2013 मध्येही मिझोरामने त्यांनाच मुख्यमंत्री केलं.